शनिवारी कुणी उठायचं नाही

मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागायचा, त्या काळात संसार करणाऱ्या बायकांना सिनेमांबद्दल विचारून बघा. कितीतरी सिनेमे त्यांना अर्धेच आठवतात. कुणाला नायिकेचं लग्न ठरतं तिथपर्यंतचा, कुणाला बातम्यांनंतरचा. मधल्या वेळात कुकर लावायचा असे, कुणाचं तरी पान घ्यायचं असे, दोरीवरचे कपडे आणायचे असत, शेजारून आलेल्या पोरांना पाणी द्यायचं असे. माझ्या सासूबाईंनी जब्बार पटेलांचा ‘सामना’ असाच पाहिला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, दारूच्या धुंदीत सापडलेला डॉ. लागूंचा मास्तर आणि त्या मास्तरचं मारुती कांबळेबद्दल विचारत राहणं, इथपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. पुढे भाकऱ्या टाकायला आत गेल्या. मारुती कांबळेचं काय झालं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणीनं सांगितलं.

‘सामना’ त्यांनी सलग पाहिला तो ठाण्यातल्या आमच्या घरी, वयाची सत्तरी ओलांडल्यावर. तेव्हापासून हा लेख लिहायचं माझ्या मनात होतं. घरी आठवड्याला एक सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहायचा, त्यावर बोलायचं आणि बोललेलं लिहून ठेवायचं, असं करणारी घरं मी शोधत गेले, काहींत जाऊन बसले. घरच्या सिनेमाची चर्चा निघाली की बहुतेक जण पडद्याच्या आकाराबद्दल, आवाजाबद्दल आणि कुठल्या ॲपवर काय आहे याबद्दल बोलतात. मला महत्त्वाचं वाटतं ते घरात त्या वेळी कोण बसतं आणि कोण उठतं हे. थिएटरात दिवे गेले की तिकीट काढलेला प्रत्येक माणूस सारखाच प्रेक्षक असतो. घरात तसं नसतं, ते ठरवून करावं लागतं.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि पुढच्याच वर्षी पुण्यालाही ते दिसू लागलं. टीव्ही म्हणजे लाकडी शटरचा, चार पायांवर उभा असलेला कृष्णधवल डबा. वाड्यात किंवा चाळीत तो एखाद्याच घरी असे. शनिवारी संध्याकाळी त्या घराच्या दाराशी चपलांचा ढीग पडे. गच्चीवर एक जण अँटेना फिरवी, खालून दुसरा ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडे, आणि सगळं जमल्यावर मध्येच ‘व्यत्यय’ची पाटी येई. पुढे पोरं, मागे खुर्च्यांवर पुरुष, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ बायका. ज्या घरी टीव्ही, त्या घरच्या बाईला सिनेमा सगळ्यांत कमी दिसायचा, कारण आलेले सगळे तिचे पाहुणे असत.

त्या व्यवस्थेचं एक मोठेपण मात्र मान्य करायला हवं. वरळीच्या दूरदर्शन केंद्रात बसून कुणीतरी सिनेमा निवडलेला असे आणि तोच सगळ्यांना पाहावा लागे. त्यामुळे सोमवारी लोकलमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि नळावर तोच विषय असे. त्या काळचं चित्रपट परीक्षण तिथे होत होतं. वर्तमानपत्रात परीक्षण न वाचणारी माणसंही तिथे कोण खोटं रडलं, कोणतं गाणं उगाच आलं हे ठणकावून सांगत.

आणखी एक गोष्ट मला माझ्या आईमुळे कळली. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी राष्ट्रीय वाहिनीवर प्रादेशिक भाषांतले, बहुतेक पुरस्कार मिळालेले चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह लागायचे. सत्यजित राय, अदूर गोपालकृष्णन, गिरीश कासरवल्ली. रविवारचं जेवण झालेलं, भांडी घासून पालथी घातलेली, वडील घोरत पडलेले, आम्ही मुलं बाहेर. त्या दोन तासांत आईला कुणी हाक मारत नसे. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, कन्नड तर कानावरूनही गेलेलं नव्हतं, पण कासरवल्लींचा ‘घटश्राद्ध’ तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. वेदपाठशाळेतली ती गरोदर विधवा यमुना आणि तिच्या मागे मागे फिरणारा छोटा मुलगा तिला अनेक वर्षांनंतरही दृश्यादृश्यानिशी सांगता यायची. त्या सिनेमांना प्रेक्षकच नाही, अशी टीका तेव्हा सर्रास होई. दुपारची कामं उरकून भिंतीला टेकून बसलेला हा प्रेक्षकवर्ग टीका करणाऱ्यांच्या नजरेत कधी आलाच नसावा.

मग व्हिडिओ आला. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मध्यमवर्गात शिरले आणि वर्गणी काढून ‘व्हिडिओ आणायची’ पद्धत पडली. सकाळी यंत्र परत द्यायचं असल्यामुळे एका रात्रीत तीन सिनेमे बसत. स्वयंपाक आधीच उरकलेला असे, म्हणून बायकाही बसत, पण तिसऱ्या सिनेमाला सगळेच पेंगत. दुसऱ्या दिवशी तिन्हींच्या कथा एकमेकांत मिसळत. बोलण्यासारखं काही मागे उरत नसे.

बोलणं टिकवण्याची रीत घरात आली ती वेगळ्या वाटेनं. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ मध्ये सुरू झाली, १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला, आणि मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ काम करू लागलं. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं होतंच. त्याचे शिल्पकार पी. के. नायर अंधारात बसून वहीत टिपणं करत. सिनेमा चालू असतानाच काय दिसलं ते लिहीत जाणं ही त्यांची सवय होती आणि त्यांना पाहणाऱ्या कितीतरी जणांनी ती उचलली. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ प्रसंगाप्रसंगानं उलगडून शिकवत. संस्थेत आणि संग्रहालयात चालणाऱ्या रसग्रहण शिबिरांना बँकेतले, शाळेतले, कारखान्यातले लोक सुट्टी टाकून जात. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका त्यांतलेच एक. त्यांच्याकडून आम्ही एक शिस्त घेतली: आधी काय दिसलं ते सांगायचं, आवडलं की नाही हे नंतर.

ऐकायला सोपी वाटणारी ही शिस्त पाळायला फार कठीण आहे. सिनेमा संपला की तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘मस्त’ किंवा ‘बोअर’. त्या शब्दानंतर प्रत्येकाला आपली बाजू लढवावी लागते. त्याऐवजी प्रत्येकानं आठवणारं एक दृश्य सांगायचं ठरलं, की एकाच खोलीत बसून सगळ्यांनी वेगवेगळे सिनेमे पाहिले होते असं लक्षात येतं. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक किंवा गणेश मतकरी यांचे लेख वाचताना हेच जाणवतं. ते आपल्याला पुन्हा एकदा पाहायला लावतात, आणि मत त्या पाहण्यातून हळूहळू वर येतं.

आमच्या घरी हा शनिवार सुरू झाला २०२० च्या टाळेबंदीत. थिएटरं बंद, सगळे घरात, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा. माझा मुलगा एका खोलीत कोरियन थरारपट पाही, नवरा दुसऱ्या खोलीत जुने हिंदी. मुलगी तेव्हा सहावीत होती. तिनं एक वही केली आणि पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्यानं निवडायचं, बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही. ज्यानं निवडला त्यानं सगळ्यांत शेवटी बोलायचं, कारण तो पहिल्यांदा बोलला तर बाकीचे त्याचं मन राखतात. पुढे-मागे करायचं बटण कुणी दाबायचं नाही. हे सगळं ठरलं तरी वहीत आजीच्या नावापुढचे रकाने रिकामे राहत होते. मुलीनं कारण विचारलं तेव्हा आजी म्हणाली, “अगं, मला मधलं माहीतच नाही, मी काय सांगू?” दूध तापवायला, औषधाच्या गोळ्या काढायला, उद्याचं कडधान्य भिजत घालायला ती उठलेली असायची. मीही उठायची. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर नवा नियम आला: शनिवारी कुणी उठायचं नाही. आठच्या आत जेवणं, ओटा पुसलेला, स्वयंपाकघरातला दिवा बंद. शनिवारी मुगाची खिचडी, पापड आणि लोणचं, आणि तीही नवरा आणि मुलगा मिळून करतात. त्या शनिवारापासून वहीतली सगळ्यांत वाचण्यासारखी पानं सासूबाईंची आहेत.

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ निवडला होता काकांनी. १९३७ चा, प्रभातचा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला. पहिल्या काही मिनिटांत मुलगा म्हणाला की टीव्हीचा आवाज बिघडलाय. आवाज नीट होता. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्याचा आवाज, रस्त्यावरचा कोलाहल, दृश्यात जे असेल तेवढंच ऐकू येतं. हल्लीच्या सिनेमात प्रत्येक प्रसंगाखाली वाद्यवृंद वाजत असतो, काय वाटून घ्यायचं ते तोच सांगतो. ती सवय झालेल्या कानाला ‘कुंकू’ची शांतता टोचते. मुलानं वहीत लिहिलं की नायिका नीरा घरात एकटी असते तेव्हा त्याला गुदमरल्यासारखं झालं आणि ते कशामुळे हे त्याला उशिरा कळलं. नव्वद वर्षांपूर्वीच्या ध्वनियोजनेबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

फसवून एका वयस्कर वकिलाशी लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा म्हणून स्वीकारायला साफ नकार देते, एवढीच गोष्ट. शांता आपटे त्या भूमिकेत जी नजर रोखतात ती अजूनही खाली बसत नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेब आरशापुढे आपलं म्हातारपण लपवू पाहतात तिथे हसू येतं आणि लगेच ओसरतं. सिनेमा संपला. काका म्हणाले, शेवटी काकासाहेबांनी जीव देणं ही लेखकानं काढलेली सोपी पळवाट आहे. नवरा म्हणाला, त्या काळात दुसरं काय दाखवणार? मग सासूबाईंची पाळी आली. आधी दृश्य सांगायचं असतं म्हणून त्यांनी ती मुलगी दाराला आतून कडी घालते ते सांगितलं. आणि पुढे म्हणाल्या, “आमच्या आत्याला असंच बिजवराला दिलं होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणून तर तिला कुणाकडे तक्रार करता आली नाही.”

माझ्या नवऱ्याला आपल्या आईच्या या आत्याबद्दल पन्नाशीपर्यंत एक शब्द माहीत नव्हता. ती रात्र बरीच लांबली. आत्याच्या घरी मोठ्या मुली तिच्याच वयाच्या होत्या. ‘कुंकू’त शकुंतला परांजपे यांनी केलेली शिकलेली, बाणेदार मुलगी बापाला सुनावते आणि सावत्र आईच्या बाजूनं उभी राहते, तसं त्या घरात कुणी राहिलं नव्हतं. सासूबाईंनी वहीत शेवटाबद्दल एकच वाक्य लिहिलं: सुटका त्याची झाली. मी स्वतः ‘कुंकू’चा शेवट धाडसी मानत आले होते, कारण काकासाहेब पत्रात तिला पुन्हा लग्न कर म्हणून सांगतात आणि १९३७ मध्ये हे पडद्यावर म्हणणं लहान गोष्ट नव्हती. अजूनही मला तो धाडसी वाटतो. पण त्या वाक्यापुढे माझं मत पुरं वाटत नाही. चित्रपटाच्या इतिहासात ‘कुंकू’वर जे लिहिलं गेलंय त्यात आत्या कुठेच नाही, आणि ती असायला हवी होती. घरी बसून केलेल्या परीक्षणातच ती येऊ शकते, कारण थिएटरातून बाहेर पडताना असं काही बोलायला ना वेळ असतो ना जागा.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मुलानं निवडला. २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेलेला आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्तम ठरलेला हा सिनेमा घरी पाहायला सगळ्यांत अवघड आहे. कॅमेरा हलत नाही, न्यायालयात तारखा पडत राहतात, आणि बोट दहा सेकंद पुढे जायच्या बटणाकडे आपोआप वळतं. बटण न दाबण्याच्या नियमाची खरी परीक्षा त्या रात्री झाली. सिनेमाच्या शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो. आमच्याकडे कुणीतरी ‘संपला’ म्हणून ट्यूबलाइट लावायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात सहलीला निघालेले न्यायाधीश पडद्यावर आले. तो अंधार खोटा शेवट आहे. न्यायालयाची व्यवस्था थांबल्यावरही माणसं तीच राहतात, हे त्या पुढच्या सहलीतून ताम्हाणे दाखवतात. बटण दाबत पाहिलं असतं तर तो अंधार काही सेकंदांचा ठरला असता आणि त्याचा अर्थ निसटला असता.

सगळ्यांनी वीरा साथीदार यांच्या शाहिराबद्दल लिहिलं. सासूबाईंनी लिहिलं सरकारी वकिलाबद्दल, गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या. “कोर्टात ती बाई कुणाची भीड ठेवत नाही, वीस वर्षांची शिक्षा मागते की काय असं वाटतं. घरी आली की पोराला घेऊन थेट स्वयंपाकघरात. नवरा टीव्हीपुढे.” ताम्हाणे यांनी वकिलांना त्यांच्या घरापर्यंत का पाठवलं, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर आमच्या वहीत नाही. ज्या व्यवस्थेपुढे ती घरी मान तुकवते, तिच्याच जोरावर ती न्यायालयात दुसऱ्याला दडपते, हे माझ्या मुलीनं पुढच्या ओळीत लिहिलं. ती तेव्हा दहावीत होती.

सुरुवातीला आम्ही दहापैकी गुण द्यायचो. ते बंद केलं. गुण सांगितले की आकडे एकमेकांशी जुळवून घेतात: मोठा भाऊ आठ म्हणाला की बहीण साडेसातावर येते. हल्ली पाहिलेल्या सिनेमांची डायरी ठेवायला तरुण मुलं लेटरबॉक्स्ड वापरतात. २०११ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला सुरू झालेली ही सेवा, अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. माझा मुलगाही ती वापरतो आणि कुठला सिनेमा कधी पाहिला याची नोंद म्हणून ती उत्तम आहे. पण तारे देणारा माणूस बाकीच्या प्रेक्षकांसाठी एका वाक्यात चमकदार लिहू पाहतो. घरच्या वहीत तसं करून चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसांबरोबर चहा घ्यायचा असतो, त्यामुळे लिहिलेल्या वाक्याची जबाबदारी लगेच अंगावर येते.

हे मला सगळ्यांत ठळकपणे दिसलं सांगलीत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि शाळेतून निवृत्त झालेल्या त्यांच्या पत्नी, दोघंच. त्यांचा वार शुक्रवार. दोघांच्या दोन वह्या, आणि रविवारी सकाळी अदलाबदल. ‘उंबरठा’वर त्यांचं वाजलं. नोकरीसाठी घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक झालेली स्मिता पाटील परत येते, तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. गृहस्थांनी लिहिलं होतं की गिरीश कार्नाडांचा नवरा निदान खोटं बोलत नाही, सगळं कबूल करतो. बाईंनी त्याखाली लाल शाईत, शाळेतल्यासारखं, लिहिलं: कबुली देऊन तो काय सोडतो? आठवडाभर ते वाक्य घरात वावरत होतं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी नवा सिनेमा न लावता ‘उंबरठा’च पुन्हा पाहिला. बाई मला म्हणाल्या, “इतकी वर्षं यांना काय आवडतं ते मला ताटावरून कळायचं. आता वहीवरून कळतं.” गृहस्थ शेजारीच बसले होते. त्यांनी आपली वही उघडून दुसऱ्या वेळची नोंद दाखवली. मत बदललेलं नव्हतं, पण ते आता अर्ध्या पानाचं झालं होतं आणि त्यात पत्नीचा आक्षेप आधी, सविस्तर मांडलेला होता. कुठल्याही समीक्षकाकडून मी एवढीच अपेक्षा करते.

पुण्यातल्या एका घरात शनिवारचा सिनेमा न्यूजर्सीतल्या मुलीबरोबर पाहतात. इथे रात्रीचे साडेआठ, तिथे सकाळचे अकरा. नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की तिचे दहाच वाजलेले असतात आणि ती न्याहारी हातात घेऊन बसते. अडचण येते ती हक्कांची. चित्रपटांचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, त्यामुळे पुण्यात दिसणारा मराठी सिनेमा तिथे त्याच ॲपवर सापडत नाही. त्यामुळे निवड आधी तिच्याकडे काय उपलब्ध आहे यावरून करावी लागते, आणि मराठी सिनेमे तिथेच गळतात. त्या घरची आई मला कळवळून म्हणाली, की मुलीबरोबर आम्ही इराणी पाहतो, जपानी पाहतो, आणि आपलाच नेमका राहून जातो.

इराणीवरून माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ सांगायला हवा. बहिणीचे बूट हरवलेला अली आणि एकाच बुटांच्या जोडीवर शाळा करणारी दोघं भावंडं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना इंग्रजी उपशीर्षकं झरझर वाचता येत नाहीत, म्हणून मुलगी त्यांच्या कानाशी मराठीत सांगत होती. मूकपटांच्या काळी पडद्यावर वेगवेगळ्या भाषांतल्या पाट्या येत आणि अक्षर ओळखणारा प्रेक्षक शेजाऱ्यांना त्या मोठ्यानं वाचून दाखवी. फाळक्यांच्या प्रेक्षकांतला तो वाचणारा माणूस आमच्या दिवाणखान्यात परत आला होता. सुरुवातीला मुलगी प्रत्येक संवाद सांगत होती. पुढे ती दर तिसरी ओळ सांगू लागली, मग दर पाचवी. शर्यत सुरू झाली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की तिसऱ्या नंबरला बूट मिळणार आहेत. अली पहिला आला, सगळे त्याला उचलून नाचवू लागले, आणि काकू एकट्याच “अरे देवा” म्हणाल्या.

यंत्राबद्दलही थोडं लिहिते, कारण त्यानं घरोघरी सिनेमाचं फार नुकसान होतंय. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींच्या गतीनं चित्रित होतो. नवे टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी भरतात, म्हणजे क्रिकेटचा चेंडू गुळगुळीत दिसावा. तीच सोय सिनेमाला लागली की ‘सैराट’ही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं खास ध्वनिचित्रफीत काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. सेटिंगमध्ये प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलेलं असतं, पण मोशन असा शब्द असलेली सोय शोधून ती बंद करा, किंवा सिनेमा अथवा फिल्ममेकर मोड लावा. दुसरी गोष्ट पडद्याच्या आकाराची. ‘संत तुकाराम’ जवळजवळ चौरस चौकटीत चित्रित झालाय. तो रुंद टीव्हीभर ताणला की विष्णुपंत पागनीस आडवे होतात, आणि वरून-खालून कापला तर विठ्ठलाला जाब विचारायला चप्पल घेऊन देवळात शिरणाऱ्या गौरीबाईंच्या जिजाईचं डोकं कापलं जातं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. आणि संवाद पुटपुटल्यासारखे, गाणी मात्र कानठळ्या बसवणारी, अशी तक्रार असेल तर ध्वनीची निवड फाइव्ह पॉइंट वनवरून स्टिरिओवर आणून पाहा. थिएटरात संवाद मधल्या स्वतंत्र स्पीकरमधून येतात. घरच्या टीव्हीला तो नसतो, म्हणून ते दबतात. ज्येष्ठांना ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवत राहतो, आणि दोष त्यांच्या कानाला देतो.

निवडीच्या बाबतीत मात्र आम्ही भिंतीवर आदळतो. सासूबाईंची पाळी आली की त्या नाव सांगतात, मुलगी शोधते, आणि बरेचदा तो सिनेमा कुठेच नसतो. असला तरी कोपऱ्यात कुणाची तरी मुद्रा ठोकलेला, कडा कापलेला, गाणी गाळलेला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, त्याचीसुद्धा पूर्ण प्रत आपल्याकडे नाही. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरचा मोठा ठेवा जळाला. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मराठी सिनेमांचं नसणं आगीमुळे आलेलं नाही. निर्मात्यांच्या वारसांकडे डबे पडून आहेत, हक्क कुणाकडे आहेत ते स्पष्ट नाही, आणि जुना कौटुंबिक मराठी सिनेमा विकत घ्यायला कुठलंही ॲप रांगेत उभं नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा २०२२ मध्ये पुण्यातच झाली. त्यातून स्वच्छ झालेले चित्रपट महोत्सवांत दाखवले जातात, मोठ्या पडद्यावर ते सुंदर दिसतात, आणि मी तिकीट काढून गेलेली आहे. सासूबाईंना मात्र गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. माफक शुल्क घेऊन हे चित्रपट उपशीर्षकांसह घरी पाहता यावेत, इतकं करणं सरकारला जड नाही.

मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर न सापडलेल्या सिनेमांची यादी करायला घेतली. सांगलीच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपली यादी टपालानं पाठवली, वर्षासह, दिग्दर्शकासह, आणि प्रत्येक सिनेमा कुठल्या प्रसंगापर्यंत पाहिला होता त्या नोंदीसह. दोन्ही याद्यांतली बरीच नावं एकच निघाली. त्या एकत्र करून पुण्याला संग्रहालयाकडे पाठवायच्या आहेत. पत्राचा मसुदा तयार आहे, फक्त पहिला सिनेमा कोणता लिहायचा यावर सासूबाई आणि सांगलीच्या बाई यांचं फोनवर अजून जमलेलं नाही.